सीट नावाचा भाता

ऑफिसच्या पार्किंगमध्ये जुलैतल्या संध्याकाळी हटकून दिसणारं दृश्य आहे. पाऊस नुकताच थांबलेला असतो. माणूस डिकीतलं फडकं काढतो, स्कूटरची सीट पुढून मागे पुसतो, फडकं पिळून पुन्हा एकवार पुसतो, तळहात फिरवून खात्री करून घेतो आणि निर्धास्त बसतो. दुसऱ्या सिग्नलपर्यंत पँटला मागून गार लागू लागतं. घरी पोचेस्तोवर ओला पट्टा उमटलेला असतो आणि जिन्यात कोणी भेटलं तर पाठ भिंतीकडे ठेवून वर जावं लागतं. मधल्या वेळात पावसाचा एक थेंब पडलेला नसतो. मग हे पाणी आलं कुठून? बहुतेक लोक या प्रश्नाशी थांबत नाहीत. ते पावसाला दोष देतात आणि शनिवारी बाजारातून इलॅस्टिकचं कव्हर आणतात. माझं म्हणणं असं आहे, की पावसाचा यात दोष थोडा आहे. स्कूटरची सीट हा एक भाता आहे. ती आपल्या वजनाने श्वास सोडते, आपण उठलो की श्वास घेते, आणि त्या श्वासाबरोबर तिच्या शिवणीवर जे काही साचलेलं असेल ते आत ओढते. हे एकदा ध्यानात आलं, की सीट कोरडी ठेवण्याचे आपले निम्मे उपाय उलटे का पडतात तेही कळतं.

सीटची रचना साधी आहे. तळाशी कडक तळपट्टी, जुन्या स्कूटरांना ती पत्र्याची असे, आता बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची असते. तिच्यावर साच्यात फुगवलेला पॉलियुरेथेनचा फोम. त्याच्यावरून ताणून बसवलेलं रेक्झिन, ज्याची कड खाली दुमडून तळपट्टीला पिनांनी ठोकलेली असते. रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचं व्यापारी नाव, आणि तिच्या कापडावर लेप असे सेल्युलोज नायट्रेटचा. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड असतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. या तीन थरांपैकी पाण्याला अडवतं ते फक्त रेक्झिन, आणि ते अडवतंही चोख. अखंड रेक्झिनच्या तुकड्याची वाटी करून तिच्यात पाणी ओतलं, तर ते दुसऱ्या दिवशीही तसंच राहील. फोमची गोष्ट वेगळी. जर्मनीत लेव्हरकूझेन इथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं, त्याचे मऊ फोम बाजारात आले १९५०च्या दशकात. सीटमधला फोम घनमीटरला सुमारे पन्नास किलो भरतो. तोच पदार्थ ठोस असता तर बाराशे किलोच्या आसपास भरला असता. म्हणजे शंभरातले पंचाण्णव भाग नुसती हवा. शिवाय या फोमचे बुडबुडे बंद नसतात, एकमेकांत उघडणारे असतात. म्हणूनच तो दाबला की दबतो. एका बुडबुड्यातली हवा शेजारच्यात, तिथून पुढच्यात, अशी बाहेर जाते. सत्तर सेंटीमीटर लांब, अठ्ठावीस रुंद आणि सरासरी सहा जाड अशी सीट धरली, तर आत अकरा लिटरहून जास्त रिकामी जागा आहे. आपण ज्याच्यावर बसतो ती गादी कमी आणि टाकी जास्त आहे.

या टाकीला झाकणही आहे आणि झाकणाला भोकंही आहेत. सीटचा आकार सपाट नसतो, पुढे निमुळता, मध्ये खोलगट, मागे उंच असतो. एकाच तुकड्यात रेक्झिन त्यावर बसत नाही, म्हणून वरचा तुकडा आणि बाजूच्या पट्ट्या वेगळ्या कापून शिवतात. रेक्झिनला लागणारी जाड सुई साधारण एक मिलिमीटरची. टाका साडेतीन मिलिमीटरचा धरला आणि शिवण दोन्ही बाजूंनी मिळून एक मीटर चाळीस सेंटीमीटर, तर चारशे भोकं झाली. दुहेरी शिवण असेल तर आठशे. प्रत्येक भोकात दोरा असतो म्हणून ते बुजलंय असं वाटतं, पण दोरा म्हणजे पिळलेले तंतू, आणि तंतूंमधल्या फटींतून पाणी कंदिलाच्या वातीतल्या रॉकेलसारखं आपसूक सरकतं.

पटत नसेल तर एक प्रयोग करून पाहावा. त्याला कालच्या वर्तमानपत्रापलीकडे काही लागत नाही. भिजलेली सीट फडक्याने पूर्ण कोरडी करावी. मग कागदाची घडी शिवणीवर पसरून तिच्या शेजारी गुडघा किंवा दोन्ही मुठी जोरात रोवाव्यात आणि दहा आकडे मोजावेत. कागद उचलला, की त्यावर ठिपक्यांची ओळ उमटलेली दिसते, शिंप्याने कापडावर टिपणचाक फिरवावं तशी. मधला सगळा कागद कोरडा आणि ठिपके मात्र नेमक्या टाक्याटाक्याच्या अंतरावर. पाणी वरून आलेलं नाही, खालून आलेलं आहे, याला यापेक्षा स्वस्त पुरावा मिळणार नाही. त्या संध्याकाळी पार्किंगमधल्या माणसाने सीट पुसली ती खरीच, पण त्याने टाकीचं झाकण पुसलं. टाकी तो बसल्यावर उघडली.

मात्र हे पाणी आत शिरलं कसं, हा प्रश्न उरतो, आणि खरी मेख तिथे आहे. नुसत्या पडणाऱ्या पावसाला आत शिरायला फारसा जोर नसतो. एका सीटवर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लिटर पाणी. मुंबईत २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे तिथे उघड्यावर उभ्या असलेल्या एकेका सीटवर जवळजवळ एकशे नव्वद लिटर, एक मोठं पिंपच. यातलं बहुतेक पाणी वाहून जातं. खोलगट भागात सेंटीमीटरभर डबकं साचलं, तरी त्याचा दाब सेंटीमीटरभर पाण्याचाच. पुण्याचा वर्षभराचा पाऊस मुंबईच्या साधारण एक तृतीयांश, पण म्हणून पुणेकराची पँट एक तृतीयांशच भिजते असं काही नाही. भुरभुर पावसातही सीट तितकीच पाणी पिते. कारण पाणी आत ढकललं जात नाही, ओढलं जातं.

साठ किलोचा माणूस सीटवर बसला आणि त्याचं वजन दहा चौरस डेसिमीटर जागेवर वाटलं गेलं, तर तिथला दाब साठ सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका होतो. फोम तीन सेंटीमीटर खचला असं धरलं, तर तीन लिटर हवा बाहेर फेकली गेली. माणूस उठतो, फोम आपला मूळ आकार परत घेतो आणि तेवढीच तीन लिटर हवा परत मागतो. ती कुठून येणार? तळपट्टीला मोकळी भोकं असतील तर काही तिथून, बाकीची शिवणीतून. शिवण कोरडी असेल तर हवा येते. शिवणीवर पाण्याची रेघ उभी असेल, तर आधी ती रेघ आत जाते आणि मग हवा. लोहाराचा भाता पाण्यात बुडवून उघडला तर जे होईल तेच. रिमझिम पावसात चहाच्या टपरीवर थांबणं, उतरणं, पुन्हा बसणं, पुढच्या दुकानाशी पुन्हा उतरणं, या प्रत्येक चढउताराला सीट एकेक घोट घेते. चालत्या गाडीवर तर हा भाता अखंड चालतो. पावसात गाडी चालवताना रेनकोटवरचं पाणी पाठीवरून, पोटावरून ओघळत मांड्यांमध्ये येतं, म्हणजे नेमकं सीटच्या सर्वांत खोल जागी. खड्डा आला की वजन क्षणभर उचललं जातं आणि पुन्हा आदळतं. आपले रस्ते पाहता सीटला श्वास घ्यायला संधीची वाण पडत नाही. उघड्यावर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा अर्धा तास पावसात चालवलेल्या गाडीची सीट आतून जास्त भिजलेली असू शकते, आणि तिथे कोणतंही कव्हर कामाचं नाही, कारण कव्हराच्या जागी आपण बसलेलो असतो.

कोणी म्हणेल, गाडीला कोणी हातही लावला नाही तरी सीट आतून ओली होतेच की. होते. त्याचं कारण वळवाचा पाऊस पाहिला की कळतं. मे महिन्यातल्या दुपारी उन्हात उभी असलेली काळी सीट हाताला चटका देते. आतली हवा पन्नास अंशांवर गेली असेल असं धरू. चारच्या सुमारास आभाळ भरून येतं, टपोरे थेंब पडतात आणि पाचदहा मिनिटांत सीट पंचवीस अंशांपर्यंत उतरते. हवा थंड झाली की आकसते, आणि एवढ्या फरकाला सुमारे आठ टक्के. अकरा लिटरचे आठ टक्के म्हणजे पाऊण लिटरहून जास्त. तेवढी हवा सीटला बाहेरून ओढावी लागते, आणि नेमकी तेव्हाच, जेव्हा तिच्या शिवणींवर पाणी आहे. कोणी बसलं नाही, कोणी उठलं नाही, तरी भाता एकदा उघडला. तापल्या सीटवरचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट. लोक मात्र जुलैच्या मुसळधारेला घाबरतात आणि मेमधल्या वळवाला दाद देतात.

आत गेलेलं पाणी बाहेर कसं काढायचं, इथे तर गैरसमजांचा सुकाळ आहे. वाळेल आपोआप, ही आपली ठाम समजूत. ती चैत्रात खरी आहे, श्रावणात नाही. पंचवीस अंशांच्या एक घनमीटर हवेत वाफेच्या रूपात जास्तीत जास्त तेवीस ग्रॅम पाणी मावतं. पावसाळी दिवशी हवेतली आर्द्रता ऐंशी टक्के असेल, तर त्यातली अठरा ग्रॅमहून जास्त जागा आधीच भरलेली असते. उरली साडेचार ग्रॅमची, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. सीटच्या फोममध्ये पाव लिटर पाणी बसलंय असं धरा. अकरा लिटरच्या टाकीत पाव लिटर ही काही मोठी गोष्ट नाही. ते पाणी उडून जायला चोपन्न घनमीटर हवा लागेल, म्हणजे दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या जवळजवळ दोन खोल्या भरून. आणि ती सगळी हवा फोममधून, शिवणीच्या चारशे भोकांतून आत जाऊन, काठोकाठ पाणी घेऊन बाहेर पडली तर. आर्द्रता नव्वद टक्क्यांवर गेली की खोल्या चार होतात. म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भिजलेली सीट पाऊस परतेपर्यंत आतून कोरडी होत नाही आणि गणपतीच्या सुमाराला तिला जो कुबट वास येऊ लागतो तो बुरशीचा असतो.

आता कव्हर. भिजलेल्या सीटवर रात्री कव्हर चढवणं म्हणजे ओला टॉवेल डब्यात घालून झाकण लावणं. कव्हराखाली हवा असते फार तर पाच लिटर, आणि तिच्यात एक थेंब पाणी सामावायलाही मुश्किलीने जागा उरलेली असते. तो थेंब उडाला की पुढचं वाळणं बंद. पहाटे प्लास्टिक गार पडतं आणि त्याच्या आतल्या बाजूला दव धरतं, ते गळून परत सीटवर, म्हणजे शेवटी शिवणीवर. सकाळी कव्हर काढणाऱ्याला सीट ओली दिसते आणि तो कव्हराला भोक पडलंय का ते शोधत बसतो. कव्हराची बाजू घेणारे म्हणतील की आम्ही वर्षानुवर्षं वापरतो, फरक पडतो. त्यांचं खरं आहे, पण एका अटीवर. कव्हर घालताना सीट आतून-बाहेरून कोरडी हवी. कोरड्या सीटवर ऑफिसच्या आठ तासांपुरती घातलेली साधी पिशवीसुद्धा चोख काम करते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा अनेकांना भाजीपेक्षा सीटचीच चिंता पडली असणार. फक्त हेच कव्हर भिजून आलेल्या सीटवर घातलं तर ते पावसाची बाजू घेतं. जाळीच्या कव्हरांचाही असाच गोंधळ आहे. ती बसणाऱ्याला ओल्या पृष्ठभागापासून सेंटीमीटरभर उचलतात, म्हणून पँट वाचते, पण जाळीच्या धाग्यांत पाणी धरून राहतं आणि शिवण तासन्‌तास ओली ठेवतं. पँट कोरडी, सीट ओली, असा तो सौदा आहे. ज्याला पँटशी मतलब आहे त्याने तो जरूर करावा.

आपल्याकडे पावसाशी जमवून घेण्याचं जे जुनं शहाणपण आहे ते या बाबतीत कव्हरवाल्यांच्या उलट दिशेने जातं. कोकणात लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवरचं इरलं पाहावं. बांबूच्या काड्या आणि पानं यांचं ते कवच अंगाला चिकटत नाही, खालून आणि पुढून मोकळं असतं, पाणी उतरून जातं आणि वाकून काम करणाऱ्या अंगाला वारा लागत राहतो. कौलारू छप्परही हवाबंद नसतं. एक कौल दुसऱ्यावर चढलेलं असतं, मध्ये फट असते, त्या फटीतून धूर जातो, वारा येतो, पाणी मात्र वरच्या कौलावरून खालच्या कौलावर सरकतं. या दोन्हींमागचा विचार पाणी कोंडून अडवण्याचा नाही. पाण्याला उतार द्यायचा आणि हवेला वाट. सीटच्या बाबतीत उतार म्हणजे गाडी कशी उभी केली आहे ते. मेन स्टँडवर स्कूटर सरळ उभी राहते आणि चालकाच्या जागेच्या खोलगट भागात डबकं साचतं. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते, डबकं साचत नाही, पाणी डाव्या कडेने ओघळून जातं. डाव्या शिवणीला जरा जास्त सोसावं लागतं हे खरं, पण वाहून जाणारं पाणी साचलेल्या पाण्यापेक्षा परवडतं. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की झाडाखालचा पाऊस बाहेरचा थांबल्यावरही अर्धा तास चालू असतो.

हवेला वाट म्हणजे तळपट्टीची भोकं. सीट उचलून खालून पाहिली तर अनेक गाड्यांच्या तळपट्टीला छोटी भोकं दिसतात. सगळ्या गाड्यांना ती सारखी नसतात, आणि जिथे असतात तिथे बऱ्याचदा धूळ-चिखलाने बुजलेली असतात. ती काडीने मोकळी करणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. मोकळ्या भोकातून सीट खालून श्वास घेते, तेवढा वरच्या शिवणीवरचा ओढा कमी होतो, आणि साचलेलं पाणी उतरायलाही वाट मिळते. यावर एक आक्षेप रास्त आहे. ते पाणी उतरतं कुठे, तर डिकीत, जिथे गाडीची कागदपत्रं आणि डब्याची पिशवी असते. डिकीच्या तळाशी जुनं फडकं पसरून ठेवावं आणि कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावेत, यापलीकडे त्याला उत्तर नाही. पाणी फोममध्ये राहण्यापेक्षा फडक्यात राहिलेलं बरं.

आणि भिजलेली सीट वाळवायची तर भात्याचाच उपयोग करून घ्यायचा. पुसणं हे काम नुसतं हात फिरवण्याचं नाही. एका हाताने किंवा गुडघ्याने सीट दाबायची, शिवणीतून पाणी वर येतं, आणि ती दाबलेली असतानाच दुसऱ्या हाताने ते टिपून घ्यायचं. आधी दाब सोडला आणि मग पुसायला गेलं, तर वर आलेलं पाणी परत आत ओढलं गेलेलं असतं, आणि आपण पुन्हा कोरडं झाकण पुसत असतो. असं पुढून मागे, दोन्ही कडांनी, पाचसहा वेळा केलं की सकाळचा प्रवास निभतो. ज्यांना कायमचं निस्तरायचं आहे त्यांनी रविवारी सीट काढून घ्यावी. बऱ्याच बिनगिअरच्या स्कूटरांची सीट पुढच्या बिजागरीच्या दोन नटांवर असते. ती घरात एका लांब कडेवर उभी करून पंख्यासमोर ठेवली, की पाणी हळूहळू खालच्या कडेला येतं आणि पिनांच्या रांगेतून ठिबकतं. खाली ताट ठेवलं तर ते किती होतं ते मोजताही येईल.

‘एवढा खटाटोप कशाला, आपण रेनकोटची पँट घालतोच की,’ हा सगळ्यात व्यवहारी आक्षेप. पण रेनकोटची पँट हीसुद्धा शिवलेली वस्तू आहे, आणि तिच्या चारही शिवणी जिथे एकत्र येतात ती जागा नेमकी सीटच्या खोलगट डबक्यावर टेकते. सुईच्या भोकाचं हे दुखणं रेनकोटइतकंच जुनं आहे. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणीरोधक कापडाचं पेटंट घेतलं, कापड उत्तम होतं, आणि शिंप्यांनी त्याचे कोट शिवताच ते शिवणीतून गळू लागले. पुढे शिवणीवर आतून पट्टी चिकटवण्याची रीत आली. चांगल्या रेनकोटच्या आतल्या बाजूला ती आजही दिसते. स्वस्त रेनकोटमध्ये हीच पट्टी सगळ्यात आधी सुटते, आणि सुटते ती बसण्याच्या जागी. रेनकोट पावसापासून वाचवतो. बसल्या जागी खालून दाबाने येणारं पाणी हा त्याचा विषय नाही.

सीट भिजते पावसात, पण तिची भिजण्याची तयारी होते उन्हाळ्यात. पीव्हीसी मुळात कडक प्लास्टिक आहे. ते रेक्झिनसारखं लवचीक राहावं म्हणून त्यात मऊ करणारी तेलकट रसायनं मिसळतात. वर्षानुवर्षांच्या उन्हात ही रसायनं हळूहळू निघून जातात, रेक्झिन ताठर होतं, आणि जिथे ते रोज वाकतं आणि जिथे सुईने आधीच भोकं पाडली आहेत तिथे तडे जातात. सुरुवातीला ते केसासारखे असतात, नखाने रेक्झिन ताणल्याशिवाय दिसत नाहीत. त्यामुळे पावसाळ्याची खरी तयारी म्हणजे एप्रिल-मेमध्ये गाडी सावलीत लावणं. कव्हर वापरायचंच असेल तर माझ्या मते ते उन्हाळ्यात वापरावं, तेही कापडी. शिवणीवर मेण घासून ठेवणं हाही चांगला उपाय आहे. ते भोकं बुजवतं आणि दोऱ्याची वात बंद करतं, मात्र दर दोनतीन आठवड्यांनी पुन्हा लावावं लागतं. मेण फक्त शिवणीच्या रेघेवर, सगळ्या सीटवर नाही, नाहीतर ब्रेक दाबताच माणूस पुढे घसरेल. आणि गाडी धुणाऱ्याने पाण्याचा जोराचा फवारा सीटच्या कडेवर धरला, तर पाऊस नसतानाही हे सगळं एका मिनिटात होतं. तेव्हा त्याला तिथेच थांबवावं.

हे सगळं गाडी बनवणाऱ्यांनीच का करू नये, असा राग येणं साहजिक आहे. करता येतं. पीव्हीसी उच्च वारंवारतेच्या विद्युत लहरींनी जोडता येतं, म्हणजे सुई न लावता सांधा होतो. तापवून साच्यात दाबलेलं अखंड आवरणही बनवता येतं. पण शिवलेली सीट बनवायला सोपी, दुरुस्तीला सोपी आणि, हे कबूल करायला हवं, दिसायला देखणी असते. शोरूममध्ये लाल किंवा पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिवण सीटच्या माथ्यावरून फिरवलेली दिसली की गिऱ्हाइकाला ती महाग वाटते आणि आवडते. ती शोभेची शिवण काही जोडत नाही. एका अखंड, पाणी न शिरणाऱ्या पृष्ठभागावर केवळ रेघ दिसावी म्हणून पाडलेली ती कित्येक भोकं आहेत, आणि तीही सीटच्या अगदी मध्यावर. गाडी घेताना मायलेज विचारणाऱ्या माणसाने सीटची शिवण कुठून जाते ते बघितल्याचं सहसा आढळत नाही.

सीट फाटल्यावर मात्र सुधारणेची संधी आपल्या हातात येते. सीटमेकरकडे नवं रेक्झिन टाकायला गेलं की तो रंग आणि डिझाइन विचारतो. त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. शिवण माथ्यावर नको, बाजूला उतरत्या भागावर घ्या, आणि वरच्या तुकड्याची कड बाजूच्या पट्टीवर कौलासारखी चढलेली असू द्या. दुसरं, फोम आणि रेक्झिनच्या मध्ये पातळ प्लास्टिकचा कागद टाका, आणि तो माथ्यावरून बाजूंनी खाली पिनांच्या जवळपास येऊ द्या. अनेक कारागीर हे न सांगताही करतात. प्लास्टिकने घाम कोंडेल अशी शंका काहीजण काढतात, पण वरचं रेक्झिन तरी कुठे घाम जाऊ देतं? शिवणीतून शिरलेलं पाणी मग फोमपर्यंत पोचत नाही, कागदावरून घसरत कडेला येतं आणि खाली गळतं. भाता तसाच चालू राहतो, फक्त तो आता तळातून श्वास घेतो.

तिथे उभं असताना कारागीर जुनं रेक्झिन सोलून काढतो ते जरूर पाहावं. गंजलेल्या पिना एकेक उपटत तो कड सोडवतो आणि कातडं उलटं करून बाजूच्या ढिगावर टाकतो. त्या उलट्या बाजूला कापडाचं अस्तर असतं. मधल्या भागात, जिथे वर्षानुवर्षं पाऊस सरळ पडला, ते अस्तर अजून जवळजवळ पांढरं असतं. बुरशीचे काळे पट्टे असतात फक्त दोन, शिवणीला लागून, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत.